सिरिंजवरची रेघ आणि बाटलीवरचा आकडा

पत्र : माझ्या सासूबाईंचे वय ६२ आहे. गेली ३ वर्षे त्या ३०/७० चे इन्सुलिन घेतात, सकाळी २० आणि संध्याकाळी १२ पॉइंट. इंजेक्शन मी भरते. मी रानात असले की बारावीतला मुलगा भरतो. उपाशीपोटीची शुगर १३०-१४० असायची. ५ आठवड्यांपूर्वी तालुक्याच्या मेडिकलमध्ये सिरिंज मिळाल्या नाहीत, म्हणून नणंदेच्या यजमानांनी संभाजीनगरहून नारिंगी टोपणाच्या सिरिंजचा पुडा आणून दिला. त्यानंतर शुगर २८० च्या खाली आलेली नाही. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी सकाळी २८ आणि संध्याकाळी १८ पॉइंट केले, तरी फारसा फरक नाही. आमच्याकडे दिवसाचे ५-६ तास लाईट नसते, त्यामुळे फ्रिज असून नसल्यासारखा. उन्हाने इन्सुलिन खराब झाले असेल का? एक मात्र बरे झाले, पूर्वी १२ दिवसांत संपणारी बाटली या वेळी जवळजवळ महिनाभर पुरली. आणखी एक विचारायचे आहे. माझ्या भाच्याने वजन कमी करण्यासाठी इंटरनेटवरून पेप्टाइडच्या पावडरची कुपी मागवली आहे. तीत पाणी घालून याच सिरिंजने टोचायचे असते, आणि मला सवय आहे म्हणून मीच टोचून द्यावे, असे तो म्हणतो. काय करावे?
— एक सून, गेवराई तालुका, जि. बीड

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची ओळ तुम्ही आनंदाची म्हणून लिहिली आहे. बाटली महिनाभर पुरली, याचा अर्थ सासूबाईंच्या अंगात गेला महिनाभर निम्म्याहूनही कमी इन्सुलिन गेले. इन्सुलिन उन्हाने बिघडले असण्यापेक्षा सिरिंज बदलल्यामुळे माप चुकले असण्याची शक्यता मला कितीतरी अधिक वाटते, आणि याची खात्री तुम्ही घरी बसून पाच मिनिटांत करू शकता.

बाटली हातात घ्या आणि उजेडात धरून तिच्यावरचा बारीक मजकूर मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या. नावाच्या आसपास कुठेतरी '४० आय.यू. प्रति मिलि', म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट इन्सुलिन, असे छापलेले असेल. आता नारिंगी टोपणाच्या सिरिंजवर काय छापले आहे ते वाचा. तिथे १०० चा आकडा असणार. तुमच्या जुन्या, लाल टोपणाच्या सिरिंजवर ४० चा आकडा होता. या दोन आकड्यांची जोडी जुळली पाहिजे, आणि तुमच्या घरी ती पाच आठवड्यांपूर्वी मोडली आहे.

पुढचे समजावून सांगण्याआधी आज काय करायचे ते सांगते, कारण खरा धोका यापुढे आहे. हे उत्तर वाचून तुम्ही घाईने लाल टोपणाच्या सिरिंज आणाल आणि डॉक्टरांनी वाढवून दिलेले २८ पॉइंट त्यांत भराल, ही माझी मोठी काळजी आहे. तसे कृपया करू नका. डॉक्टरांनी डोस वाढवला तो वाढलेली शुगर पाहून, आणि ती शुगर वाढली होती चुकीच्या मापाने. सिरिंज बदलल्याचे त्यांना कोणी सांगितलेले नसावे. आज नारिंगी सिरिंजवर २८ च्या रेघेपर्यंत भरले की सासूबाईंना प्रत्यक्षात सुमारे ११ युनिट मिळतात. उद्या लाल सिरिंजने तेच २८ भरले तर एका दिवसात अडीचपट औषध जाईल, आणि ते त्यांना पूर्वी मानवलेल्या २० पेक्षाही ८ युनिटने जास्त असेल. म्हणून आज संध्याकाळचे इंजेक्शन भरण्यापूर्वी डॉक्टरांना फोन करा, बाटली ४० ची आणि सिरिंज १०० ची होती हे या शब्दांत सांगा, आणि लाल सिरिंजने किती द्यायचे ते त्यांच्याच तोंडून घ्या. ते बहुधा जुन्या २० आणि १२ चाच विचार करतील, परंतु तो निर्णय त्यांचा आहे. फोन लागला नाही, तर बाटली, दोन्ही सिरिंज आणि शुगरची वही घेऊन जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जा. इन्सुलिन मनाने बंद करू नका आणि अडीचने गुणून नारिंगी सिरिंजमध्येच जास्त भरण्याचा हिशोबही घरी करू नका. सासूबाईंना उलट्या होत असतील, खोल आणि जोराचा श्वास लागला असेल किंवा त्या गुंगीत असतील, तर फोनचीही वाट न पाहता १०८ ला बोलवा.

माप योग्य झाल्यावरचे पहिले चार-पाच दिवस जेवणापूर्वी आणि झोपण्यापूर्वी शुगर पाहत राहा. हातपाय थरथरणे, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी, एकाएकी चिडचिड किंवा असंबद्ध बोलणे ही साखर घटल्याची चिन्हे आहेत. यंत्रात ७० पेक्षा कमी आकडा दिसला, किंवा यंत्र नसताना ही चिन्हे दिसली, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यायला द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा आणि बरे वाटल्यावर भाकरी-भाजी असे नेहमीचे खाणे द्या. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, कारण ते श्वासनलिकेत जाते. तेव्हा दवाखानाच गाठावा लागतो.

आता ही जोडी का जुळावी लागते, ते सविस्तर सांगते, कारण हे घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः तुमच्या मुलाला, पक्के समजले पाहिजे. आपण 'पॉइंट' म्हणतो तेव्हा औषध मोजतो आहोत असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात सिरिंज फक्त जागा मोजते. तिच्यात किती द्रव आला एवढेच रेघ सांगते. त्या द्रवात औषध किती, हे बाटली ठरवते. ४० च्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात आणि लाल टोपणाची सिरिंज त्याच हिशोबाने आखलेली असते, म्हणून तिच्यातली २० ची रेघ अर्ध्या मिलिलिटरवर येते आणि त्यात बरोबर २० युनिट असतात. १०० च्या सिरिंजमध्ये २० ची रेघ एका मिलिलिटरच्या पाचव्या हिश्श्यावर येते. तुमच्या बाटलीतले तेवढे इन्सुलिन म्हणजे अवघे ८ युनिट. सासूबाईंना २० ऐवजी ८ आणि १२ ऐवजी जेमतेम ५ मिळत होते. तुमच्या बाटलीचा हिशोबही याला पुरावा देतो. १० मिलिलिटरच्या बाटलीत ४०० युनिट असतात, रोजचे ३२ युनिट धरले तर ती साडेबारा दिवसांत संपायलाच हवी, आणि पूर्वी ती तशीच संपत होती. नारिंगी सिरिंजने ती ३१ दिवस पुरते. ताई, बाटली तुम्हाला महिनाभर हेच सांगत होती.

बाहेरच्या अनेक देशांत आता १०० चीच ताकद सर्वत्र चालते, त्यामुळे तिथे ही चूक सहसा होत नाही. आपल्याकडे बाटल्या मुख्यतः ४० च्या राहिल्या आणि इन्सुलिन टोचण्याच्या पेनमधली ३ मिलिलिटरची काडतुसे १०० ची आली. शिवाय काही महागड्या इन्सुलिनच्या बाटल्याही १०० च्या मिळतात. त्यामुळे 'बाटली म्हणजे ४०' असे गृहीत धरणेही सुरक्षित नाही. टोपणाचा रंग ही सोय आहे, पण खात्री छापील आकड्यानेच करावी. मेडिकलमध्ये 'शुगरची सिरिंज द्या' असे न म्हणता रिकामी बाटली पुढे ठेवून '४० ची सिरिंज द्या' असे म्हणावे.

उलट्या बाजूची चूक याहून भयंकर असते. ग्रामीण भागातील एका रुग्णालयात मी परिचारिका असताना पहाटे एका शेतकऱ्याला बैलगाडीतून आणले होते. सदरा घामाने पिळून काढावा इतका भिजलेला, दातखीळ बसलेली, आणि घरच्यांना वाटत होते की त्यांना लकवा झाला. त्यांच्या पेनच्या सुया संपल्या होत्या. म्हणून त्यांनी पेनचे काडतूस बाहेर काढले, घरात पडलेली लाल टोपणाची सिरिंज त्यात खुपसली आणि नेहमीप्रमाणे २० पर्यंत भरले. काडतूस १०० चे असल्याने त्या अर्ध्या मिलिलिटरमध्ये ५० युनिट होते. सलाइनमधून ग्लुकोज सुरू केल्यावर काही वेळाने त्यांनी डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, 'मी तर वीसच घेतले होते ना?' ते खरेच वीसच्या रेघेवर थांबले होते. त्या दिवसापासून मी शिकवताना आधी बाटली वाचायला लावते आणि सुईला नंतर हात लावू देते. पेनच्या काडतुसातून सिरिंजने इन्सुलिन कधीही काढू नये, सुया संपल्या असल्या तरीही.

भरण्याच्या पद्धतीतही काही बारकावे आहेत. तीन वर्षांच्या सवयीत ते निसटतात, म्हणून तुम्ही स्वतः करत असलात तरी एकदा ताडून पाहा. ३०/७० चे इन्सुलिन म्हणजे ३० टक्के लवकर आणि ७० टक्के सावकाश काम करणाऱ्या इन्सुलिनचे मिश्रण. बाटली उभी ठेवली की पांढरा भाग तळाशी बसतो आणि वर स्वच्छ पाणी दिसते. तसेच भरले तर एके दिवशी पातळ आणि दुसऱ्या दिवशी दाट औषध जाते. बाटली दोन्ही तळव्यांत धरून, वात वळतो तशी, पण सावकाश, दहा वेळा फिरवावी आणि दहा वेळा उलटसुलट करावी. सगळीकडे सारखा दुधी रंग दिसला की ती तयार झाली. ताक घुसळल्यासारखी हलवू नये, कारण फेस होतो, बुडबुडे मापाची जागा खातात आणि जोराच्या हलवण्याने औषधही बिघडते. फिरवूनही गुठळ्या राहिल्या किंवा काचेवर आतून पिठूळ थर चिकटलेला दिसला, तर ती बाटली वापरू नका.

हात साबणाने धुऊन, रबरी बूच स्पिरिटने पुसून ते वाळू द्यावे. जितके युनिट घ्यायचे तितकी हवा आधी सिरिंजमध्ये ओढून बाटलीत सोडावी, मग सुई आत असतानाच बाटली उलटी करावी. हवा सोडली नाही तर बाटलीत पोकळी तयार होते, दट्ट्या ओढणे जड जाते आणि बुडबुडे येतात. औषध थोडे जास्त ओढावे, सिरिंज उभी धरून नखाने हलक्या टिचक्या माराव्यात, बुडबुडे वर आले की ते आणि जादा औषध बाटलीत परत ढकलावे. दट्ट्याची सुईकडची काळी कड रेघेवर आली पाहिजे, मागची नव्हे, आणि सिरिंज डोळ्यांच्या पातळीत धरूनच वाचावी. तुमचा मुलगा भरतो तेव्हा त्याने रेघ मोठ्याने वाचून दाखवावी आणि सासूबाईंनी 'हो' म्हटल्यावरच टोचावे. त्यांची नजर अधू असली तरी आपला आकडा त्यांना पाठ असतो.

टोचण्याची जागा रोज एक बोट सरकवत न्यावी आणि बेंबीभोवतीची दोन बोटे जागा सोडावी. पोटावर कुठे गाठ किंवा मऊ फुगवटा हाताला लागत असेल तर तिथे टोचू नका. तिथे दुखत नाही म्हणून माणसे तीच जागा धरतात, पण इन्सुलिन तिथून नीट शोषले जात नाही. इंजेक्शननंतर साधारण अर्ध्या तासाने जेवण झालेच पाहिजे. एकादशीच्या किंवा इतर कुठल्याही उपवासाच्या आदल्या दिवशी डॉक्टरांना डोस विचारून घ्यावा. वापरलेली सुई उकिरड्यावर न टाकता जाड प्लास्टिकच्या डब्यात साठवून उपकेंद्रात द्यावी, कारण उकिरड्यात हात घालणारी लेकरे आणि तोंड घालणारी जनावरे आपल्याच गावची असतात.

उन्हाविषयी तुमची शंका अगदीच बिनबुडाची नाही. इन्सुलिन हेही पेप्टाइडच आहे, ५१ अमिनो आम्लांची गुंफण. पोटात गेले तर ते जेवणातल्या डाळीसारखे पचून जाते, म्हणूनच ते टोचून घ्यावे लागते. उष्णतेने ही गुंफण हळूहळू उलगडते आणि गोठल्यानेही तिची रचना मोडते. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवावी, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवू नये. उघडलेली बाटली थंड जागी साधारण ४ आठवडे चालते, त्यामुळे उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवत जा. आत्ता वापरात असलेली बाटली ४ आठवड्यांहून अधिक काळ उघडी असेल, किंवा तिचा रंग नेहमीसारखा वाटत नसेल, तर योग्य सिरिंजसोबत नवी बाटलीच सुरू करा.

वैशाखात आपल्याकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. अशा वेळी माठ मोठा आधार ठरतो. एका मोठ्या माठात ओली वाळू घालून त्यात लहान मडके बसवावे, बाटली झाकणाच्या डब्यात घालून त्या मडक्यात ठेवावी, वरून ओले फडके टाकावे आणि हा माठ वाऱ्याच्या, सावलीच्या जागी, शक्यतो ओसरीत ठेवावा. वाळूला सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावे. आपला उन्हाळा कोरडा असल्याने पाणी झपाट्याने उडते आणि मडके चांगले गार राहते. पावसाळ्यात हवा दमट झाली की हा उपाय तितका लागू पडत नाही, पण तेव्हा ऊनही नसते. पाणीटंचाईच्या दिवसांत धुण्याचे निवळलेले पाणीही वाळूला चालते, कारण ते औषधाला लागत नाही. तालुक्याहून बाटली आणताना ती मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नका. भर दुपारी डिकीची भट्टी होते.

तुमच्या भाच्याविषयी स्पष्ट सांगते. ते इंजेक्शन तुम्ही देऊ नका, आणि त्यालाही घेऊ देऊ नका. आतापर्यंत जे सांगितले त्यावरून कारण तुमच्या लगेच लक्षात येईल. समजा, कुपीवर ५ मिलिग्रॅम लिहिले आहे. तीत १ मिलिलिटर पाणी घातले आणि १०० च्या सिरिंजने १० पर्यंत भरले तर अर्धा मिलिग्रॅम औषध येते. पाणी २ मिलिलिटर घातले तर त्याच रेघेवर पाव मिलिग्रॅम येते. आणि १ मिलिलिटर पाणी घालून हातात लाल टोपणाची सिरिंज आली, तर तीच १० ची रेघ सव्वा मिलिग्रॅमची होते. रेघ एकच आणि औषध पाचपट. इन्सुलिनच्या सिरिंजवरच्या रेघा इन्सुलिनसाठी आखल्या आहेत. दुसऱ्या औषधाच्या मिलिग्रॅमशी त्यांचा काहीही संबंध नाही. वजनासाठी दिल्या जाणाऱ्या सेमाग्लुटाइडची सुरुवातच आठवड्याला पाव मिलिग्रॅमने करतात आणि डोस महिन्या-महिन्याने वाढवतात, कारण एकदम जास्त गेल्यास न थांबणाऱ्या उलट्या होतात, अंगातले पाणी कमी होते आणि मूत्रपिंडांवर ताण येतो.

हे झाले माप बरोबर धरण्याचे गणित. त्याच्याही आधीचा प्रश्न असा की कुपीवर लिहिले आहे तेच आत आहे हे कोण सांगणार? अशा कुप्यांवर बहुधा 'केवळ संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही' अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य बारीक अक्षरांत छापलेले असते. भाच्याला ते शोधून वाचायला सांगा. आत काय आहे, किती आहे आणि ते निर्जंतुक आहे का, यांपैकी एकही गोष्ट घरी तपासता येत नाही. इन्सुलिनच्या बाटलीवरचा आकडा आपण वाचू शकतो आणि त्यावर विश्वासही ठेवू शकतो, कारण त्यामागे औषध परवाना, बॅच क्रमांक आणि तपासणी असते. या कुपीवरचा आकडा नुसता छापलेला आहे.

पावडरची सगळीच इंजेक्शने वाईट असतात असे मात्र मी म्हणत नाही. मूल होण्यासाठीच्या उपचारांत काही बायकांना डॉक्टर अशी इंजेक्शने घरी घेण्यासाठी देतात. तिथे खोक्यातच मोजके निर्जंतुक पाणी दिलेले असते, ते कुपीच्या कडेने सावकाश सोडायचे असते, कुपी न हलवता हलकेच फिरवायची असते, आणि पहिल्यांदा हे सगळे परिचारिका समोर बसवून करून घेते. भाच्याला वजनाचा खरोखर त्रास असेल, तर सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपॅटाइड ही दोन्ही औषधे आपल्या देशात मान्यता घेऊन, तयार द्रवाच्या रूपात मिळतात, आणि ती कोणाला द्यायची हे तज्ज्ञ डॉक्टर तपासण्या करून ठरवतात. सासूबाईंना दाखवायला न्याल तेव्हा त्यालाही सोबत न्या आणि ती कुपी डॉक्टरांपुढे ठेवायला सांगा. त्याने एखादे इंजेक्शन आधीच घेतले असेल तर रागावू नका, कारण रागावले की पुढचे तो सांगणार नाही. केव्हा घेतले आणि किती रेघांपर्यंत घेतले, एवढे लिहून घ्या.

डॉक्टरांकडे गेल्यावर चिठ्ठीवर 'बाटली ४० ची, सिरिंज ४० ची, सकाळी इतके युनिट, संध्याकाळी इतके युनिट' असे पूर्ण शब्दांत लिहून मागा. 'युनिट'ऐवजी नुसते इंग्रजी 'यू' अक्षर घाईत लिहिले की ते शून्यासारखे दिसते आणि २० चे २०० वाचले जातात. ती चिठ्ठी माठाजवळच्या भिंतीवर, तुमच्या मुलाला भरताना दिसेल अशी लावा. नारिंगी टोपणाच्या उरलेल्या सिरिंज आजच घराबाहेर काढा. ज्या पाहुण्यांनी आणल्या त्यांनाच त्या परत द्या, आणि का परत करत आहात हेही सांगा, म्हणजे पुढच्या वेळी ते संभाजीनगरच्या दुकानात ४० चा आकडा वाचूनच पुडा घेतील.